पोटावरचं बलून बटण: काही महिने वापरल्यानंतर

पेगची (पोटाला भोक पाडून थेट जठरात अन्न देण्यासाठी बसवलेली) लांब नळी काढून मुलाला बलूनवालं बटण बसवायचं का, या विचारात असलेल्या पालकांसाठी हे लिहिलंय. परवडत असेल तर जरूर बसवा, पण दुसरं सुटं बटण घरात आल्यावरच.

बटण म्हणजे सिलिकॉनची आखूड नळी. पोटात फुगा, बाहेर झाकण असलेली चपटी पट्टी. कपड्याखाली दिसत नाही, रांगताना ओढलं जात नाही. आम्ही वापरतोय ते १४ फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप) जाडीचं, १.५ सेंमी लांबीचं आहे. मागवताना दोन्ही आकडे सांगा, नुसतं ‘चौदा नंबर’ म्हणाल तर हमखास चुकीचं येतं. लांबी मूल झोपलेलं असताना आणि बसलेलं असताना, दोन्ही वेळा मोजून घ्यायची. बटण बोटांनी सहज गोल फिरलं पाहिजे आणि पट्टीखाली २-३ मिमी फट हवी. मूल अंगानं भरलं की तेच बटण रुतू लागतं. पट्टीचा वळ उठला तर लांबी पुन्हा मोजून घ्या.

खरी मेख फुग्यात आहे. त्यात स्टराइल (निर्जंतुक) किंवा डिस्टिल्ड पाणीच भरायचं. सलाइनचं मीठ फुग्याच्या व्हॉल्व्हमध्ये (झडपेत) साचतं, हवा सिलिकॉनमधून झिरपून जाते. या मापाला साधारण ५ मिली लागतं, पण आपल्या पाकिटावर जो आकडा असेल तोच धरा. आठवड्यातून एकदा, पोट रिकामं असताना, एका हातानं बटण घट्ट धरून सिरिंजनं सगळं पाणी काढा, मोजा आणि नवं भरा. थोडंसं कमी निघालं तर काळजी नाही, पण ५ चे २-३ झाले तर फुगा जाण्याच्या बेतात आहे. सिरिंजमध्ये दूध आलं तर तो फुटलाच. फुगा साधारण ३ ते ६ महिने टिकतो. पोटातलं आम्ल त्याला झिजवतं, आणि कॅन्डिडा बुरशी लागली तर त्याआधीच संपतो.

कडेनं गळायला लागलं की ‘एक नंबर जाड घाला’ असा सल्ला मिळतो. त्यानं भोक आणखी रुंदावतं आणि गळती परत येते. आधी फुग्यातलं पाणी बघा, मग लांबी, मग बद्धकोष्ठ, खोकला आणि पोटात कोंडलेली हवा. झाकणातूनच गळत असेल तर कारण वेगळं: आतल्या व्हॉल्व्हमध्ये दुधाची साय किंवा औषधाचा कण अडकलेला असतो. जोडनळी (अन्न देताना बटणाला बाहेरून लावायची नळी) लावून कोमट पाणी सोडलं की बहुतेक वेळा सुटतो.

जोडनळी लावताना रेघ जुळवायची, आत दाबायची आणि अडेपर्यंत घड्याळाच्या दिशेनं फिरवायची. काढताना उलट फिरवल्याशिवाय ओढू नका, व्हॉल्व्ह खराब होतो. फीडच्या आधी आणि नंतर ५-१० मिली पाणी (तान्ह्यांना डॉक्टर सांगतील तेवढंच). नाचणीची पेज गार होताच नळीत घट्ट होते, म्हणून ती पातळ करून गाळूनच द्या. मुगाची खिचडी मिक्सरमधून काढली तरी गाळणी हवीच. अशा जेवणाला सरळ, रुंद जोडनळी वापरा, काटकोनी तोंडाची लगेच तुंबते. औषधं एकत्र कालवू नका, प्रत्येकानंतर पाणी. आतड्यात विरघळणाऱ्या, कोटिंगच्या गोळ्या कुटायच्या नाहीत. तुंबलंच तर कोमट पाणी हळूहळू आत-बाहेर करा. तार किंवा कोल्ड्रिंक बिलकूल नको.

भोकाभोवती लालसर, ओलसर मांस वाढतं ते मुख्यतः बटण घासल्यामुळे. ते जाळून टाकणारं सिल्व्हर नायट्रेट डॉक्टरांकडूनच लावून घ्या, आजूबाजूची कातडी भाजते. घासणं थांबलं नाही तर ते पुन्हा उगवतं.

बटण निसटलं तर भोक काही तासांतच आकसतं. कातडीपासून जठरापर्यंतचा मार्ग जुना आणि पक्का असेल, आणि बसवायला शिकवलेलं असेल, तर पाण्यात विरघळणारी जेल (व्हॅसलीन नाही) लावून सुटं बटण जोर न करता आत घाला. नंतर सिरिंजनं पोटातला थोडा रस ओढून पीएच (आम्लता मोजणाऱ्या) पट्टीवर ५.५ किंवा कमी आल्याशिवाय फीड देऊ नका. ऑपरेशनला दोन-तीन महिनेही झाले नसतील तर घरी काहीच घालू नका, थेट रुग्णालय. कोवळा मार्ग चुकून नळी पोटाच्या पोकळीत गेली आणि वरून दूध सोडलं तर जिवावर बेतू शकतं.

सुटं बटण नसेल तर त्याच किंवा एक माप लहान फोलीनं (लघवीसाठी वापरतात ती फुग्याची नळी) भोक उघडं ठेवता येतं, पण ते तात्पुरतं. स्वस्त म्हणून फोलीच कायम ठेवलेली बरीच मुलं दिसतात. तिला बाहेर अडवणारी पट्टी नसते, त्यामुळे जठराची हालचाल तिला पुढे ओढत नेते आणि फुगा जठराचं आतड्याकडचं तोंड बुजवतो. मूल अचानक प्रत्येक फीडनंतर उलट्या करू लागतं. ठेवावीच लागली तर कातडीजवळ खूण करून चिकटपट्टीनं बांधा आणि रोज ती खूण बघा.

पेगच्या तुलनेत हे महाग आणि कमी टिकाऊ, हे खरंच. पण पेगचा आतला बंपर (नळी जठरात अडकवून ठेवणारी चकती) काढायला बहुधा पुन्हा एंडोस्कोपी आणि भूल लागते, बटण मात्र कॉटवरच बदलतं. मोठी कुरकूर जोडनळीची आहे: तिची खटकी बटणाच्या आधी सैल पडते, तेव्हा मागवताना दोन जास्तीच्या सांगा.