डापाग्लिफ्लोझिन १० एमजी: सात-आठ महिने घेतल्यावर लघवीचे रिपोर्ट

ही डायबिटीसची गोळी दिवाळीनंतर सुरू केली, मेटफॉर्मिन (शुगरचीच जुनी गोळी) आधीपासून होतीच. वजन तेव्हा १०४ किलो, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.४, पण डॉक्टरांना खरं टेन्शन होतं ते लघवीतल्या अल्ब्युमिनचं, म्हणजे किडनीतून गळणाऱ्या प्रोटीनचं. ते मोजणारा एसीआर (अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो) १४२ आला होता, हवा ३० च्या आत.

एक आधीच सांगतो, ही गोळी चालू असताना लघवीत शुगर +++ येणारच, लॅबवाला "काका, फारच वाढलीय" म्हणाला तरी घाबरू नका, गोळी चालतेय म्हणूनच येते ती. किडनी दिवसाला साधारण १८० ग्रॅम ग्लुकोज गाळते आणि एरवी जवळजवळ सगळं परत रक्तात घेते, ही गोळी तिथेच आडवी येते, मग ६०-७० ग्रॅम साखर रोज लघवीतून जाते म्हणजे अडीचशेच्या आसपास कॅलरी. (मेव्हण्याचा प्रश्न: मग जिलबी चालेल का? नाही चालणार.) वजन मात्र ४ किलोच उतरलं, कारण भूकही वाढते राव.

म्हणून लघवीतली शुगर सोडा, एसीआर बघा. माझा तीन महिन्यांनी ९६, आता ६१. जाड माणसाला डायबिटीस असला की किडनीच्या गाळणीवर आतून प्रेशर जास्त असतं, ते ह्या गोळीने उतरतं असं डॉक्टर म्हणाले. पण सगळं श्रेय हिलाच देणार नाही, मधे टेल्मिसार्टनचा (बीपीची गोळी) डोसही वाढवला होता. ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) सुरुवातीला ७८ चा ७१ झाला, घरात सगळे हादरले, पण तेवढं होतं म्हणे आणि नंतर तिथेच टिकलाय. आणि हो, एसीआरला सकाळची पहिली लघवी द्या, ताप असताना किंवा आदल्या दिवशी दणकून व्यायाम केला असेल तर देऊ नका, आकडा उगाच वर जातो.

त्रास म्हणाल तर खाज. फंगल इन्फेक्शन एकदा झालंच, साखर असते ना तिथे, आता प्रत्येक वेळी पाण्याने धुतो. गोळी सकाळीच घेतो नाहीतर रात्री सारखं उठावं लागतं. पेटंट संपल्यापासून जेनेरिक भरपूर आहेत त्यामुळे खिशाला जड नाही.

कडक उपवास धरायचा असेल, उलट्या-जुलाब झाले किंवा ऑपरेशन ठरलं तर आधी डॉक्टरांना फोन करा, ह्या गोळीवर शुगर ठीकठाक दिसत असतानाही किटोन (चरबी जळून रक्तात साठणारी आम्लं) चढू शकतात आणि साध्या ग्लुकोमीटरवर ते कळत नाही.