शालेय मापन-संच : मोजपात्र उत्तम, तराजू बेताचा

जळगावातील एका दुकानातून घेतलेल्या या संचात १०० मिलीचे काचेचे मोजपात्र, डिजिटल तराजू आणि तापमापी आहे. मोजपात्र खरोखर चांगले आहे: पाण्याच्या वक्र पृष्ठभागाचा तळ डोळ्यांच्या पातळीत आणून वाचन घेतल्यास ५० मिली पाणी जवळजवळ ५० ग्रॅम भरते, तर तेवढेच शेंगदाणा तेल सुमारे ४६ ग्रॅम, आणि घनता म्हणजे काय हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. तराजू मात्र एक ग्रॅमखालचे दाखवत नाही. खानदेशातल्या मे महिन्यात ४० अंशांपर्यंत तापलेले ५० मिली पाणी ४९.६ ग्रॅमच भरते. हा रंजक फरक त्यावर दिसणारच नाही. तापमापी ठीक आहे. माहितीपुस्तिका केवळ इंग्रजीत आहे, हे खटकते.