ब्रुके म्युझियम, बर्लिन: वुडकटसाठी जा

बर्लिनला जाणारे आपले लोक म्युझियम आयलंडवर पाय मोडेपर्यंत फिरतात आणि मग चित्रांचं नावही नको म्हणतात. त्यांनी आधी डालेमला, ग्रुनवाल्ड जंगलाच्या कडेला असलेलं हे बुटकं, एकमजली म्युझियम गाठावं. दीड तास पुरतो. मंगळवारी बंद.

1905 साली ड्रेस्डेनमध्ये आर्किटेक्चर शिकणाऱ्या चार पोरांनी 'ब्रुके' हा चित्रकारांचा गट काढला. 1913 मध्ये भांडून मोडलासुद्धा. पुढे नाझींनी यांची कला 'विकृत' ठरवून जर्मन म्युझियममधून उचलली, त्या चौघांतल्या एकट्या श्मिट-रॉटलुफची सहाशेच्या वर कामं. त्याच श्मिट-रॉटलुफने ऐंशीव्या वाढदिवसाला आपली चित्रं बर्लिन शहराला देऊ केली, आणि 1967 मध्ये हे म्युझियम उघडलं. गंमत म्हणजे शेजारीच नाझींचा लाडका शिल्पकार आर्नो ब्रेकर याच्यासाठी बांधलेला अवाढव्य स्टुडिओ आहे. तिथेही आता प्रदर्शनं भरतात. दोन्ही इमारती एकापाठोपाठ बघाच.

मी प्रिंटमेकिंगवाली, त्यामुळे भडक तैलचित्रांपाशी फार रेंगाळले नाही. वुडकटपाशी मात्र (म्हणजे लाकडी फळी कोरून, उरलेल्या उंच भागाला शाई लावून कागदावर घेतलेली छापचित्रं) नाक काचेला लागेपर्यंत वाकले. श्मिट-रॉटलुफचा 1918 चा ख्रिस्त घ्या: कपाळावर सालच कोरलंय, एक डोळा मिटलेला. आम्हाला कॉलेजात पांढरी जागा नीट खरवडून साफ करायला लावायचे. या मंडळींनी पटाशीच्या दोन खाचांमधले कंगोरे तसेच ठेवले, त्यांना शाई लागू दिली. हात कुठून कुठे गेला ते सरळ दिसतं. पुस्तकातल्या छपाईत हे सगळं सपाट होऊन जातं. (उजेड मंद असतो म्हणून कुरकुरू नका, कागदाला जास्त उजेड सोसत नाही.)

मुंबईकरांसाठी एक धागा: सूझा, आरा, रझा या चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपची पाठराखण करणारे समीक्षक रुडी फॉन लायडेन बर्लिनमध्येच वाढलेले, 1933 मध्ये मुंबईला आले. सूझाच्या जाड काळ्या रेघा डोक्यात ठेवून इथे फिरा.

एकच चित्र मनात धरून मात्र जाऊ नका, कारण प्रदर्शनं बदलत राहतात. आणि ब्रुके गटातल्याच किर्शनरचं 1913 चं 'बर्लिनमधलं रस्त्यावरचं दृश्य' तर इथे आता मिळणारच नाही. ते 2006 मध्ये मूळ ज्यू मालकाच्या वारसांना परत दिलं गेलं, आता न्यूयॉर्कला आहे. त्याच्या रस्त्यांवरच्या बायकाच बघायच्या असतील तर शहरातल्या नॉय नाशनालगॅलरीकडे 'पोट्सडामर प्लाट्झ' आहे.