गव्हाच्या पिठाला पर्याय: काही महिने वापरून झालेलं मत

घरात सीलिॲकचं, म्हणजे ग्लूटेन हे धान्यातलं प्रथिन न सोसण्याच्या आजाराचं, निदान झालं आणि गहू, मैदा, रवा, जव, राय सगळ्यांची एकदमच हकालपट्टी झाली. आता बोलण्याइतका अनुभव गाठीशी आहे.

गव्हाच्या जागी चालेल असं एकच पीठ शोधत बसू नका. गव्हात पाणी घालून मळलं की ग्लूटेनचं चिवट जाळं तयार होतं आणि ब्रेड फुगवणारा वायू तेच धरून ठेवतं. तांदूळ, ज्वारी, मका यांत ते नाहीच. म्हणून पिठाची सोय वेगळी आणि चिवटपणाची वेगळी.

चिवटपणासाठी इसबगोलाची साल, याला माझे पैकीच्या पैकी गुण. 400 ग्रॅम मिश्र पिठाला 20 ग्रॅम साल आणि जवळपास पिठाइतकंच पाणी. साल आधी पाण्यात ढवळायची, थोड्याच वेळात तिची जेली होते, मग पीठ. गोळा आधी बोटांना लडबडतो आणि वरून पीठ भुरभुरायला हात शिवशिवतात. थांबा! थोडा वेळ झाकून ठेवला की तो आपोआप आवळून येतो. कधीकधी ब्रेडला जांभळट झाक येते, ती सालीमुळे. चवीला काही होत नाही.

केकला एवढा खटाटोप नको, अंडी असतील तर चिमूटभर झँथन गम (मिश्रण बांधून धरणारी पूड) पुरतो. तांदळाचं पीठ दाताखाली कचकचत असेल तर मिश्रण अर्धा तास भिजू द्या. आणि वाटीचं माप सोडा, वजनकाटा घ्या. तांदळाचं पीठ मैद्यापेक्षा जड भरतं. सॉस दाट करायला मैद्याच्या निम्मं कॉर्नफ्लोअर, गार पाण्यात कालवून.

तयार मिश्रणं केकपुरती ठीक. त्यांत बहुधा गम आधीच असतो, वरून साल घातली तर रबर चावल्यासारखं लागतं.

तक्रार एकच, पण मोठी: ब्रेड दुसऱ्या दिवशीच कोरडा पडतो. फ्रिजमध्ये तर आणखी लवकर. पूर्ण गार झाल्यावरच कापायचा (गरम कापला तर आतून चिकट लागतो) आणि काप थेट फ्रीझरमध्ये टाकायचे.

सीलिॲक असेल तर पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ बघूनच घ्या. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार त्यात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. ज्वारी कितीही शुद्ध असली तरी गहू दळणाऱ्या जात्यातून आली की संपलं. ओट्सचंही तेच, शिवाय काहींना शुद्ध ओट्ससुद्धा सोसत नाहीत, तेव्हा ते डॉक्टरांना विचारूनच.