दोष माझ्या स्मोकरचा नव्हता: वाळलेलं म्हणून विकलेल्या ओल्या लाकडाचा अनुभव

लाकडावर चालणारा स्मोकर, म्हणजे धुरात मंद आचेवर मांस शिजवायची भट्टी, घरी बनवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझे पैसे गेले आणि ते परत मिळणार नाहीत. पण पैशांपेक्षाही एक गोष्ट जास्त लागली. पाच महिने मी स्वतःच्या हातांवर शंका घेत राहिलो, आणि ती शंका एका माणसाने मुद्दाम जिवंत ठेवली.

स्मोकर मी स्वतः वेल्डिंग करून बनवला. एका बाजूला फायरबॉक्स (लाकूड जाळायचा कप्पा), मध्ये मांस ठेवायची आडवी टाकी, पलीकडच्या टोकाला चिमणी. पत्रा ६ मिलिमीटर जाड, फायरबॉक्स टाकीच्या साधारण एक तृतीयांश. मला तापमान हवं होतं १०७ ते १२१ अंश सेल्सिअस. मांसाच्या चिवट तुकड्यातलं कोलॅजन या आचेवर तासन्‌तास राहून जिलेटिन होतं, तेव्हा तो तुकडा बोटाने सुटतो. आच सतत खालीवर होत राहिली तर मांस बाहेरून काळं पडतं आणि आतून रबरासारखं राहतं.

लाकूड आणि झाकणावर बसवायचं डायल थर्मामीटर मी एकाच विक्रेत्याकडून घेतलं. तो नुसतं स्मोकरचं सामान विकायचा आणि त्याला विषयाची खरोखर माहिती होती. नाव लिहीत नाही. ‘दीड वर्ष वाळवलेलं’ लाकूड त्याने वजनावर दिलं. वरून ते दिसायलाही तसंच होतं, राखाडी पडलेलं, टोकांना बारीक भेगा गेलेलं.

पहिल्याच दिवशी त्रास सुरू झाला. नवा ओंडका टाकला की काटा ३०-४० अंश खाली यायचा. वर आणायला हवेची झडप उघडावी, तर अर्ध्या तासाने तो १५० पार करायचा. चिमणीतून दाट पांढरा धूर निघायचा, आणि मांसाला असा कडवट वास लागायचा की खाल्ल्यावर जीभ बधिर व्हायची.

मी फोन केला. तो म्हणाला, ‘दादा, घरी बनवलेल्या स्मोकरचं असंच असतं. ओंडका टाकण्याआधी फायरबॉक्सवर ठेवून तापवून घ्या, चिमणी पूर्ण उघडी ठेवा, हवा फक्त खालच्या झडपेने कमी-जास्त करा.’ यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. आजही मी तसंच करतो. म्हणून तर माझा त्याच्यावर विश्वास बसला.

पुढच्या वेळी मोठा तुकडा ६६ अंशांवर येऊन पाच तास अडून बसला. तो म्हणाला, ‘हा तर स्टॉल, सगळ्यांना येतो.’ हेही खरंच आहे. मांसाच्या पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन उडतं आणि अंगावरचा घाम वाळताना गार वाटतं तसं मांस गार ठेवतं, म्हणून तापमान काही तास जागचं हलत नाही. पण त्या दिवशी टाकीतली आचच कमी होती, आणि ते मला कळलं नाही. मांसात खुपसायची तापमापक सुई माझ्याकडे होती, जुनी आणि खात्रीची. तीच टाकीच्या हवेत धरून पाहावी, एवढं साधं डोक्यात आलं नाही.

मग त्याने दाराला लावायची उष्णतारोधक दोरी विकली. फरक पडला नाही. त्यानंतर पंखा आणि कंट्रोलर गळ्यात मारला, म्हणजे म्हणे आच आपोआप स्थिर राहील. पंख्याच्या वाऱ्याने राख उडून मांसावर बसली. सोबतचा पाइप ‘स्टीलचा’ म्हणून आला होता. घासून पाहिला तर जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी निघाला. जस्त ४१९ अंशांच्या जवळपास वितळतं आणि निखाऱ्यांत त्याहून जास्त धग सहज असते. जस्ताचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप भरू शकतो. तो पाइप मी लावला नाही.

या कंट्रोलरचा सेन्सर डायलपेक्षा १६ अंश कमी दाखवायचा. मी विचारलं, तर उत्तर तयार होतं: ‘झाकणाजवळची हवा आणि जाळीजवळची हवा सारखी नसते, दादा.’ पुन्हा खरं! खोटं बोलणारा माणूस आपण ओळखतो. जागच्या जागी खरी गोष्ट सांगून मूळ प्रश्न झाकणारा ओळखता येत नाही, आणि या माणसाने मला दर वेळी असंच गप्प केलं.

एका रविवारी चिकनच्या तंगड्या लावल्या होत्या. डायल ११५ दाखवत होतं. पाहुणे बसले होते. एक तंगडी तोडली तर हाडाजवळचं मांस कच्चं आणि थुलथुलीत. सुई लावली, ५८ अंश. पोल्ट्री आतून ७४ अंशांपर्यंत जायलाच हवी. ४ ते ६० अंशांच्या मधे जंतू भराभर वाढतात, आणि त्या तंगड्या त्याच पट्ट्यात कित्येक तास होत्या. सगळं फेकून दिलं. त्या ताटाभोवती लहान मुलंही होती, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

त्याच रात्री डायल काढून उकळत्या पाण्यात धरलं. काटा चढत चढत ११६ वर थांबला. पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळतं, आणि उंचीवर दर ३०० मीटरला साधारण १ अंश आधीच, म्हणजे त्याहून वर जायचा प्रश्नच नव्हता. आपण ११५ समजत होतो तेव्हा आत शंभरसुद्धा नव्हते.

मग लाकडाकडे वळलो. फायरबॉक्सचं दार उघडून पहिल्यांदा नीट बघत बसलो. ओंडक्याच्या कापलेल्या टोकातून बुडबुडे येत होते, बारीक फेस धरत होता आणि सुईंऽऽ असा आवाज येत होता. हा आवाज मी पाच महिने ऐकला होता, पण लाकूड जळताना असाच आवाज येतो असं मी समजत होतो. दुसरा ओंडका कुऱ्हाडीने मधोमध फोडला. आतली बाजू हाताला गार लागली. ओलावा मोजायच्या मॉइश्चर मीटरच्या सुया बाहेरच्या अंगाला टोचल्या तर १५ टक्के, ताज्या फोडलेल्या अंगाला ४१. जळण म्हणून लाकूड २० टक्क्यांच्या खाली असावं लागतं.

मीटरवरही विसंबलो नाही. एक ओंडका तोलला, १,०४० ग्रॅम. फोडून ओव्हनमध्ये १०३ अंशांवर ठेवला आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत तोलत राहिलो. उरले ७२० ग्रॅम. मी वजनावर पैसे मोजले होते, आणि त्यातलं तीस टक्क्यांहून जास्त पाणी होतं (मीटर पाणी कोरड्या लाकडाच्या तुलनेत मोजतो, म्हणून त्याचा आकडा मोठा). आच का पडायची तेही इथेच कळतं. १ किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२५७ किलोज्यूल लागतात, पाणी उकळीपर्यंत तापवायची उष्णता वेगळी. प्रत्येक ओंडका आधी स्वतःला वाळवायला निखाऱ्यांची धग खायचा, धुमसायचा, आणि एकदा वाळला की भडकायचा. झडपेला हात लावून यातलं काहीच सावरलं नसतं.

त्याला फोटो आणि आकडे पाठवले. उत्तर आलं, ‘वापरलेला माल परत घेत नाही, आणि घरगुती स्मोकरची जबाबदारी आमची नाही.’ त्यानंतर फोन उचलणं बंद.

शेजाऱ्यांनी वर्षाहून जास्त काळ फोडून छपराखाली रचलेलं लाकूड दिलं. स्मोकर तोच, झडपा त्याच, पंखा काढलेला. मनगटाएवढ्या जाडीचा तुकडा, निखाऱ्यांच्या थरावर, दर ३०-४० मिनिटांनी. पेट घेईपर्यंत दार किंचित उघडं. झडप हलवली की निदान दहा मिनिटं काट्याकडे बघून पुन्हा हात लावायचा नाही. फायरबॉक्सच्या बाजूला पाण्याचं पातेलं ठेवलं, ते धग शोषून हळूहळू सोडतं. चार तास जाळीजवळची सुई ११० ते १२२ मध्ये राहिली आणि चिमणीतून जेमतेम दिसणारा निळसर धूर. मी तिथेच खुर्ची टाकून बसलो होतो. डोळे भरून आले, धुराने नव्हे.

तुम्ही लाकूड घ्याल तेव्हा विकणाऱ्यासमोर एक ओंडका मधोमध फोडायला सांगा आणि मीटर आतल्या अंगाला लावा. तो नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. वजनावर घेत असाल तर हे आणखी जरुरीचं. थर्मामीटर बसवण्याआधी उकळत्या पाण्यात बुडवा. बोलणं झालं ते लेखी घ्या, ‘किती वाळलेलं’ हे टक्क्यांत. माझ्याकडे फक्त फोनवरचे शब्द होते. आणि कुणी तुमच्या स्मोकरला नावं ठेवत एकापाठोपाठ एक वस्तू विकायला लागला, तर आधी त्याने पहिल्यांदा विकलेली वस्तू तपासा.

त्याच्याकडचं उरलेलं लाकूड मी फोडून, हवा खेळेल असं रचून ठेवलंय. एका ओंडक्यावर खडूने तारीख आणि वजन लिहिलंय आणि दर महिन्याला तोलतो. पहिल्या महिन्यात ९० ग्रॅम उतरले, दुसऱ्यात ६०. अजून उतरतंय.