एका खांद्यावरची सॅक आणि बिल्ला क्रमांक ७१४

'२१ जंप स्ट्रीट' या २०१२ सालच्या चित्रपटात एक अगदी छोटा प्रसंग आहे. विद्यार्थ्यांच्या वेषात शाळेत शिरायला निघालेले दोन तरुण पोलीस, श्मिट आणि जेंको, आवारात पोहोचतात. शाळेत असताना लोकप्रिय असलेला जेंको आपल्या सोबत्याला ठामपणे बजावतो की सॅक एकाच खांद्याला लटकवायची, दोन्ही पट्टे अडकवणे हे बावळटपणाचे लक्षण आहे. मग त्याची नजर भोवताली जाते आणि त्याला दिसते की सगळी मुले दोन्ही पट्टे नीट अडकवून हिंडत आहेत. शाळा सोडून त्याला जेमतेम सात वर्षे झाली आहेत आणि तेवढ्यात तिथले सारे नियम उलटले आहेत. आपल्याकडेही एका खांद्यावर सॅक टाकून कॉलेजचे जिने चढलेली एक पिढी आहे. तिला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. जुन्या पोलीस मालिकांवरून काढलेले चार विनोदी चित्रपट मी अलीकडे पाठोपाठ पुन्हा पाहिले, आणि त्यांतला हाच सर्वांत चांगला का, याचे उत्तर मला या प्रसंगात सापडते.

मूळ मालिका अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवर १९८७ मध्ये सुरू झाली आणि १९९१ पर्यंत चालली. वयापेक्षा लहान दिसणाऱ्या पोलिसांना विद्यार्थी म्हणून शाळांमध्ये पाठवायचे आणि तिथले गुन्हे आतून शोधून काढायचे, ही तिची कल्पना. पॅट्रिक हॅसबर्ग आणि स्टीफन कॅनेल हे तिचे निर्माते, आणि तिच्यातील टॉम हॅन्सनच्या भूमिकेमुळेच जॉनी डेप प्रथम घराघरांत पोहोचला. ही मालिका अतिशय गंभीर होती. अमली पदार्थ, दारू, वर्णद्वेष, एड्स असे विषय ती हाताळत असे आणि काही भागांच्या शेवटी कलाकार स्वतः समोर येऊन, मदत हवी असल्यास कुठे संपर्क साधावा, हे प्रेक्षकांना सांगत. आज पाहताना तिच्यातील केशरचना आणि कपडे जुने वाटतात, पण मुलांविषयीची कळकळ खोटी वाटत नाही. अशा मालिकेचा विनोदी चित्रपट करायचा म्हटले की सर्वांत सोपी वाट म्हणजे त्या केशरचनेला हसणे. फिल लॉर्ड व ख्रिस्तोफर मिलर हे दिग्दर्शक आणि पटकथाकार मायकल बॅकॉल यांनी ती वाट धरली नाही. मालिकेने कधीच न विचारलेला एक प्रश्न त्यांनी विचारला: ज्याला शाळेने एकदा घडवले किंवा मोडले आहे, त्याला पुन्हा त्याच वर्गात नेऊन बसवले तर त्याचे काय होईल?

चित्रपटाची सुरुवात २००५ मध्ये होते. श्मिट हुशार पण लाजाळू, मुलींशी धड बोलू न शकणारा; जेंको देखणा, खेळात पुढे आणि अभ्यासात मागे. पुढे पोलीस प्रशिक्षणात दोघांची पुन्हा गाठ पडते, तेव्हा एकाला लेखी परीक्षा जमते आणि दुसऱ्याला शारीरिक कवायत. एकमेकांना हात देता देता ते मित्र होतात. शाळेत पाठवताना त्यांना बनावट ओळखी दिल्या जातात, त्यांची ऐन वेळी अदलाबदल होते आणि रसायनशास्त्राच्या अवघड वर्गात जेंको, तर नाटकाच्या तालमीत श्मिट जाऊन पोहोचतो. या बनावट भावांचे आडनाव मॅक्क्वेड आहे, आणि मूळ मालिकेतील हॅन्सन व पेनहॉल यांनीही हेच सोंग घेतले होते. जेंको हे नावसुद्धा मालिकेतील पहिल्या कॅप्टनचे. मालिका न पाहिलेल्या प्रेक्षकाचे या तपशिलांवाचून काहीही अडत नाही. ज्याने पाहिली आहे, त्याला मात्र कळते की लेखकांनी मूळ सामग्री मन लावून पाहिलेली आहे.

या अदलाबदलीतून जे घडते त्यात विनोदाइतकीच वेदनाही आहे. आता शाळेत मान मिळतो तो पर्यावरणाविषयी बोलणाऱ्या, सहिष्णु, वाचणाऱ्या मुलांना. जेंकोची दांडगाई इथे कुणालाच मोठेपणाची वाटत नाही. श्मिटला मात्र आयुष्यात पहिल्यांदा लोकप्रियता मिळते आणि ती त्याला इतकी चढते की तो आपल्या एकमेव मित्राची टिंगल करू लागतो. श्मिट झालेल्या जोना हिलने हा बदल फार बारकाईने दाखवला आहे. खरे आश्चर्य मात्र जेंको झालेल्या चॅनिंग टेटमचे. रसायनशास्त्राच्या नादिष्ट मुलांमध्ये बसून काहीतरी खरोखर समजू लागल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो निरागस आनंद उमटतो, तो मला कोणत्याही गोळीबारापेक्षा अधिक लक्षात राहिला. महामार्गावरच्या पाठलागात तेलाचा टँकर उलटूनही स्फोट होत नाही आणि ज्याची अपेक्षाच नाही तिथे तो होतो. पोलीसपटांच्या ठरीव सवयी इतक्या नेमकेपणाने पकडणारे दृश्य क्वचितच पाहायला मिळते. खात्यातील वरिष्ठ अधिकारी त्यांना या कामगिरीवर धाडताना, ऐंशीच्या दशकातील एक बंद पडलेली योजना पुन्हा सुरू होत आहे, असे सांगतो आणि त्या वाक्यातून चित्रपट स्वतःच्या जन्माविषयीही मोकळेपणाने बोलतो.

उणिवा सांगितल्या पाहिजेत. भाषा अत्यंत अश्लील आहे, त्यामुळे घरातील लहानांसह हा चित्रपट पाहता येणार नाही, आणि अखेरच्या भागातील हिंसा गरजेपेक्षा रक्तरंजित आहे. मला अधिक खटकते ती दुसरी गोष्ट. मूळ मालिकेत जूडी हॉफ्स ही महिला अधिकारी पथकातील बरोबरीची सदस्य होती. चित्रपटात ती भूमिका करणाऱ्या हॉली रॉबिन्सन यांना क्षणभराचे दर्शन मिळते, आणि ब्री लार्सनसारख्या समर्थ अभिनेत्रीच्या वाट्याला नायकाच्या आवडत्या मुलीपलीकडे फारसे काही येत नाही. १९८७ ची मालिका या एका बाबतीत पंचवीस वर्षांनंतरच्या चित्रपटापेक्षा पुढे होती.

'ड्रॅगनेट' हा १९८७ सालचा चित्रपट या परंपरेतील जुना नमुना आहे आणि त्याची मूळ मालिका तर अमेरिकी पोलीस मालिकांची आजीच म्हणावी लागेल. जॅक वेब यांनी ती १९४९ मध्ये नभोवाणीवर सुरू केली, १९५१ मध्ये दूरचित्रवाणीवर आणली आणि सार्जंट जो फ्रायडे ही भूमिका स्वतः केली. लॉस एंजेलिस पोलिसांच्या खऱ्या प्रकरणांवर बेतलेल्या कथा, कोरड्या आवाजातील निवेदन, चार स्वरांचे ते धडकी भरवणारे संगीत आणि निर्दोष व्यक्तींच्या रक्षणासाठी नावे बदलली आहेत ही सूचना, यांतून त्यांनी जी शैली घडवली तिची छाया पुढच्या असंख्य मालिकांवर पडली. वेब १९८२ मध्ये वारले, तेव्हा फ्रायडेचा ७१४ क्रमांकाचा बिल्ला लॉस एंजेलिस पोलिसांनी सन्मानपूर्वक निवृत्त केला. काल्पनिक हवालदाराच्या बिल्ल्याला खऱ्या पोलीस खात्याकडून मिळालेला हा मान त्या मालिकेचे स्थान पुरेसे स्पष्ट करतो.

डॅन अक्रॉइड यांनी चित्रपटात या फ्रायडेच्या पुतण्याची भूमिका केली आहे, आणि केवळ त्यांच्या बोलण्यासाठी हा चित्रपट पाहावा. काका ज्या ठेक्यात बोलत तोच ठेका, नियमांची कलमे न अडखळता धडाधड म्हणत जाणे, मान न वळवता चालणे, हे सारे त्यांनी इतक्या निष्ठेने उचलले आहे की त्याला नक्कल म्हणणे अन्यायाचे होईल. फ्रायडे स्वतः हास्यास्पद नाही. ज्या जगात तो वावरतो ते त्याच्या शिस्तीला साजेसे उरलेले नाही, इतकेच. त्याच्यासमोर ढिल्या कपड्यांतला, नियमांची फिकीर नसलेला स्ट्रीबेक म्हणून टॉम हँक्स उभा राहतो आणि या दोघांच्या पहिल्या तासाभरातील जुगलबंदी अव्वल दर्जाची आहे. मालिकेच्या १९६७ मध्ये सुरू झालेल्या नव्या आवृत्तीत फ्रायडेचा जोडीदार असलेले हॅरी मॉर्गन इथे त्याच गॅननच्या भूमिकेत, आता कॅप्टन होऊन, बसलेले दिसतात. त्यांच्या नुसत्या असण्याने चित्रपटाला वजन येते.

दुर्दैवाने दिग्दर्शक टॉम मँकिएविझ यांना कथानक आवरता आलेले नाही. बोकडाच्या कातड्याचे पायघोळ चढवून नाचणारा गुप्त पंथ, अजगराचे कुंड आणि ढोंगी धर्मोपदेशक असा पसारा वाढत जातो, आणि वेब यांनी जपलेला साधा, रोजच्या कामकाजाचा पोलीसपणा हरवून जातो. ज्या गोष्टीवर विनोद उभा होता तीच बाजूला पडल्यावर उरते ती धावपळ.

टॉड फिलिप्स दिग्दर्शित 'स्टार्स्की अँड हच' २००४ साली आला. १९७५ ते १९७९ या काळातील मूळ मालिका लक्षात राहिली ती दोन मित्रांच्या जिव्हाळ्यामुळे आणि पांढरा पट्टा ओढलेल्या लाल फोर्ड ग्रॅन टोरिनो गाडीमुळे. हा चित्रपट काळ पुढे आणत नाही. तो सत्तरच्या दशकातच राहतो आणि त्या काळातील कॅमेऱ्याचे झूम, रुंद कॉलर, संगीत यांचा मनापासून आस्वाद घेतो. बेन स्टिलरचा स्टार्स्की नियमांना चिकटलेला आणि ओवेन विल्सनचा हच ऐसपैस, म्हणजे मालिकेतील स्वभावांची थोडी उलथापालथच. पण मैत्रीला चित्रपट कुठेही धक्का लावत नाही. मूळ हच, डेव्हिड सोल, यांचे एक गाणे १९७७ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेले होते; विल्सन गिटार घेऊन तेच गाणे गातो, तेव्हा हसू येते आणि गाणे ऐकावेसेही वाटते. शेवटी मूळ स्टार्स्की, पॉल मायकल ग्लेसर, आणि सोल स्वतः येतात आणि तीच लाल गाडी नव्या जोडीच्या हवाली होते. सोल जानेवारी २०२४ मध्ये गेले. त्यानंतर हे दृश्य पाहताना मला गहिवरून आले. गोष्ट म्हणून चित्रपट सामान्यच आहे, एकदा पाहावा इतपत, परंतु त्याच्या आपुलकीविषयी शंका घेता येत नाही.

२०१७ चा 'चिप्स' मात्र मला शेवटपर्यंत पाहवला नसता, केवळ हे लिहायचे म्हणून पाहिला. १९७७ ते १९८३ या काळातील मालिकेत कॅलिफोर्नियाच्या महामार्गांवर मोटारसायकलवरून गस्त घालणारे दोन पोलीस होते. ऊन, रस्ता, एकमेकांवर आदळणाऱ्या गाड्या, अडलेल्याला मदत, आणि पिस्तूल बाहेर काढण्याची वेळ जवळजवळ कधीच नाही, असे तिचे स्वच्छ, सौम्य जग होते. डॅक्स शेपर्ड यांनी लेखन, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका तिन्ही स्वतःकडे घेतल्या आणि त्या सौम्यपणाच्या जागी शरीरावरचे कंटाळवाणे विनोद आणि भडक हिंसा आणून बसवली. मायकल पेन्या हा गुणी नट त्यात वाया गेला आहे. मोटारसायकलींचे पाठलाग तेवढे उत्तम झाले आहेत. मालिकेचे नाव घ्यायचे आणि ती लोकांना का आवडली हे समजून घेण्याचे कष्ट मात्र टाळायचे, ही या चित्रपटाची चूक आहे.

हे सारे पाहताना मला सतत आपल्याकडच्या मालिका आठवत होत्या. बी. पी. सिंह यांची 'एक शून्य शून्य' मुंबई दूरदर्शनवर मराठीत आली आणि पुढे त्यांनीच १९९८ मध्ये सोनी वाहिनीवर 'सी. आय. डी.' सुरू केली. शिवाजी साटम यांचा एसीपी प्रद्युम्न आणि दयाने तोडलेली दारे महाराष्ट्रातील मुलांच्याही खेळण्यात उतरली. उद्या कोणी त्यावर विनोदी चित्रपट काढला, तर तो दारापाशीच थांबेल अशी मला भीती वाटते. प्रद्युम्न वीस वर्षे तेच बोट फिरवत तोच प्रश्न विचारत राहिला आणि लोक तरीही दर आठवड्याला त्याच्यासमोर का बसत राहिले, हे ज्याला जाणून घ्यायचे असेल, त्यानेच हे काम अंगावर घ्यावे.

'जंप स्ट्रीट'चा दुसरा भाग, '२२ जंप स्ट्रीट', २०१४ मध्ये आला आणि त्याने पहिल्यापेक्षा बरीच जास्त कमाई केली. दोघे आता महाविद्यालयात जातात, आणि मागच्या वेळी केले तेच पुन्हा करा, असे वरिष्ठ त्यांना स्पष्ट सांगतात. मधला भाग पहिल्याइतका घट्ट नाही, पण श्रेयनामावलीसाठी थांबलेच पाहिजे. तिथे पुढच्या काल्पनिक भागांची रांग लागते: हे दोघे वैद्यकीय महाविद्यालयात, मग समुद्रावरच्या सत्रात, मग पाककलेच्या शाळेत, आणि आकडा वाढतच जातो. पुढे काढता येतील तेवढे सगळे भाग लॉर्ड आणि मिलर यांनी त्या काही मिनिटांतच दाखवून टाकले. तिसरा भाग आजवर आलेला नाही.