नवीन गाडीच्या डिलिव्हरीला 'सिरॅमिक कोटिंग' गळ्यात मारतात, माझे ३६,३०० गेले, तुम्ही तरी वाचा

शोरूमवाल्यांनी माझ्या नव्याकोऱ्या काळ्या गाडीला सिरॅमिक कोटिंग (रंगावर लावायचा कडक, पारदर्शक संरक्षक थर) करतो म्हणून २४,५०० रुपये घेतले आणि प्रत्यक्षात मशीनने साधं पॉलिश मारून दिलं. नुसते पैसे गेले असते तर एकवेळ सोडून दिलं असतं, पण यांनी कंपनीतून आलेला क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, घासून पातळ केला आणि तो परत येत नसतो. शोरूमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, तक्रार चालू आहे.

हे लोक गाठतात कधी बघा. लोन पास झालेलं, आरटीओ, इन्शुरन्स सगळं भरून झालेलं, घरचे हार-पेढे घेऊन उभे, आणि नेमका तेव्हा अॅक्सेसरीजवाला पोरगा येतो. "सर, काळा रंग घेतलाय, सहा महिन्यांत बॉनेटकडे बघवणार नाही." एका सुट्या बॉनेटवर मधोमध टेप लावलेली होती, दोन्ही बाजूंना मार्करने रेघ मारली, कोटिंगकडची फडक्याने एका हातात पुसली गेली, दुसरीकडे डाग तसाच. मग पाणी मारलं, इकडे थेंब मण्यांसारखे घरंगळले, तिकडे नुसतं पसरलं. वर 'नाइन एच हार्डनेस, पाच वर्षं वॉरंटी' असं कार्ड. कोणीही हो म्हणेल. पण थेंब तसे साध्या स्प्रे वॅक्सनेही होतात, आणि ते नाइन एच म्हणजे पेन्सिलच्या शिशाने ओरखडा उठतो का याची टेस्ट आहे, किल्लीचा ओरखडा पडायचा तो पडतोच. डेमोवर एक रुपया देऊ नका.

बिल मागितलं तर म्हणे बिल हवं असेल तर १८ टक्के जीएसटी वेगळा, म्हणजे आणखी ४,४१०. मॅनेजर शेजारीच उभा होता, तोही मान हलवत होता. आणि क्यूआर कोड स्कॅन केला तर स्क्रीनवर शोरूमचं नावच नाही, कुणातरी माणसाचं नाव! तो क्षण अजून डोक्यातून जात नाही. मी विचारलं की हो, हे कोण? तर "आमचे डिटेलिंगचे व्हेंडर आहेत सर, रोजचंच आहे". आता एवढ्या मोठ्या शोरूममध्ये, कंपनीच्या बोर्डाखाली, मॅनेजरच्या देखत असं सांगितल्यावर कोण अडून बसेल? घरचे बाहेर उन्हात उभे होते. लोक कमेंटमध्ये शहाणपणा शिकवतील म्हणून आधीच सांगतो, लाखोंचा चेक जिथे विश्वासाने दिला तिथेच हे पण दिले, यात माझं काय चुकलं?

दुसरं म्हणजे वेळ. आम्ही जेवून आलो तर गाडी तयार. खऱ्या कोटिंगला आधी नीट धुऊन क्ले बारने (मऊ चिकणमातीसारखी वडी) चिकटलेले कण काढतात, लागलं तर हलकं पॉलिश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलकटपणा घालवतात, मग एकेक पॅनल करून कोटिंग लावतात आणि त्यानंतर गाडी निदान बारा ते चोवीस तास आत ठेवतात, आठवडाभर धुवायची नाही म्हणून सांगतात. माझी गाडी तर फोटो काढायच्या आधी माझ्यादेखत पाइपने परत धुतली. मला त्या दिवशी हे कुठून माहीत असणार, मी काय रंगकाम करतो का, ज्यांना माहीत होतं ते पैसे घेऊन गप्प होते.

थोड्याच धुण्यांत थेंब बंद झाले. मग एका रात्री पेट्रोल पंपाच्या एलईडीखाली बॉनेटवर गोल गोल ओरखड्यांची जाळी दिसली आणि पोटात गोळाच आला. दाराच्या रबरात, हेडलाइटच्या फटीत पांढरी वाळलेली पावडर अडकलेली, ती पॉलिशची. बाहेरच्या डिटेलरने (गाडीची सफाई-पॉलिश करणारा) तळहाताएवढी जागा अल्कोहोलने पुसली, चमक तिथल्या तिथे उतरली. ग्लेझ होतं ते, तेलकट फिलर भरून ओरखडे झाकायचे, बस. मग त्याने जाडी मोजायचं गेज लावलं, बॉनेटच्या मधे ११६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कडेला ८१. गेज सगळे थर मिळून मोजतं, पण त्यातला क्लिअर कोट मुळात साधारण ४०-५० मायक्रॉनचाच असतो, कडेला मशीन दाबलं की संपला. दिसण्यापुरतं ठीक करायला ११,८०० गेले, जीएसटीसकट, पक्क्या बिलावर.

आणि तक्रारीची कथा तर विचारूच नका. शोरूम म्हणतं व्हेंडरशी बोला, व्हेंडरचा फोन बंद. कंपनीचं कस्टमर केअर म्हणतं ही आमची अधिकृत अॅक्सेसरी नाही, डीलरशी बोला. मग तो डीलर तुमचा बोर्ड लावून कशाला बसलाय? पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब म्हणाले हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक कोर्टात जा, अर्ज घ्यायलासुद्धा तयार नाहीत, पोच तर लांबच राहिली. भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे ना, मग ते कोणासाठी ठेवलंय? एका मदत केंद्रावरच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "बिल आहे का?" अहो बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरलीय, हे मी त्यांना वाचून दाखवलं तर म्हणे ते तुम्ही तिकडे सांगा. प्रत्येक जण पुढच्या खिडकीकडे बोट दाखवतो आणि आपण पगार कापून घेऊन हिंडतो.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, पण दोन वर्षांच्या आत करा. यूपीआयची पावती, वॉरंटी कार्ड, डिटेलरचं बिल आणि गेजचे फोटो जोडलेत.

नवीन गाडीला पॉलिश मुळात लागतच नाही हो! पॉलिश म्हणजे बारीक घासणं. चमकच हवी तर साधा कारचा शाम्पू, दोन बादल्या, स्वच्छ मायक्रोफायबर आणि वर वॅक्स किंवा सीलंट, घरी होतं, वॅक्स काही आठवडे टिकतं, सीलंट काही महिने. भांड्याचा साबण नको. ओलं फडकं घेऊन धूळ पुसणाऱ्याला तर गाडीला हात लावू देऊ नका, निम्मे ओरखडे तिथेच पडतात. कोटिंगच करायचं असेल तर डिलिव्हरीनंतर बाहेर करा, बाटलीचं सील समोर फोडायला लावा, आधी आणि नंतर गेज लावून आकडे बिलावर लिहून घ्या. वॉरंटी कार्डाची मागची बाजू वाचा, माझ्या कार्डावर दरवर्षी ३,५०० चं मेंटेनन्स केलं नाही तर वॉरंटी रद्द असं बारीक अक्षरात होतं, पुढच्या बाजूला पाच वर्षं एवढं मोठ्ठं. क्यूआरवर माणसाचं नाव आलं की अॅप बंद करा, घरचे कितीही घाई करोत.

माझ्या तक्रारीत २४,५०० परत, ११,८०० दुरुस्तीचे आणि त्रासाची भरपाई वेगळी मागितलीय. तुमच्यापैकी कुणी असा टेप लावलेल्या बॉनेटचा डेमो मोबाइलवर शूट केला असेल तर तो व्हिडिओ डिलीट करू नका, आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा.